फिरकी धरणारी माणसं

गेल्या महिन्यात ऑफिसात एका नव्या कामासाठी माणसं निवडायची होती. एचआरमधली मुलगी लॅपटॉप उघडून समोर बसली आणि म्हणाली, "सर, निवडीचे निकष काय ठेवू?" माझ्या तोंडून निघता निघता राहिलं, "त्यांना फिरकी धरता येते का ते विचार." मग मी घसा साफ करून अनुभव, संवादकौशल्य, दबावाखाली काम करण्याची तयारी वगैरे सांगितलं, तिनं ते इमानदारीत टाइप केलं, आणि दोघांनीही मोठं काम झाल्यासारखा चहा घेतला. पण त्या दिवसापासून साहेब काही डोक्यातून जायला तयार नाहीत.

साहेब म्हणजे आमच्या कंपनीच्या कॉम्प्युटर विभागाचे साहेब. कंपनी मकरपुऱ्याला, पंप बनवणारी. माझ्या आयुष्यातली पहिली नोकरी, आणि माझ्या उद्योगांमुळे पहिल्याच महिन्यात शेवटची ठरता ठरता राहिलेली.

बडोद्यात मे महिन्यात काय होतं हे बडोद्याच्या माणसाला सांगायला नको आणि बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. डांबराला चपला चिकटतात. अशा उन्हात साहेब दांडिया बाजारातल्या घरून मकरपुऱ्यापर्यंत स्कूटरवरून स्वेटर घालून यायचे. मरून रंगाचा, पूर्ण बाह्यांचा, काकूंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीनं, विणलेला. सिग्नलला शेजारचे लोक त्यांच्याकडे बघून स्वतःच घाम पुसायचे. कारण विचाराल तर सर्व्हरची खोली. ती खोली बारा महिने फ्रिजसारखी थंड ठेवावी लागे आणि साहेब दिवसभर तिच्यात बसत. मी एकदा धीर करून म्हटलं, "साहेब, आत गेल्यावर घालत जा ना." ते म्हणाले, "काढ-घाल कोण करणार? घरून निघायचं, खोलीत जायचं. रस्ता काय, मध्ये येतो."

या माणसाला हाक मारण्याचेही नियम होते. मकरपुऱ्यात 'साहेब', दांडिया बाजारात 'काका'. एकदा मीटिंगमध्ये मी चुकून 'काका' म्हटलं, तर त्यांनी वळून मागे पाहिलं, जणू त्यांचे कुणी काका दारात येऊन उभे आहेत. आणि एकदा त्यांच्या घरी सवयीनं 'साहेब' म्हणालो, तर शांतपणे म्हणाले, "ते मकरपुऱ्याला राहिले. काम असेल तर सोमवारी भेट त्यांना."

साहेबांकडे साऱ्या दुखण्यांवर एकच औषध होतं. ढील दे. ज्यांनी पतंग उडवलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आकाशात दोन मांजे एकमेकांत अडकले की शिकाऊ माणूस घाबरून खेचायला लागतो आणि कापला जातो. जाणता माणूस सैल सोडतो, दोरा वाहू देतो. साहेब हे सगळीकडे लावत. बिलं छापता छापता प्रिंटर अडला, ढील दे. वरून छोटे शेठ पुन्हापुन्हा फोन करताहेत, ढील दे. लहरीपुऱ्याच्या दरवाज्यापाशी हातगाड्या, रिक्षा आणि लग्नाच्या खरेदीला निघालेली कुटुंबं यांची गाठ पडली की बाकी लोक हॉर्न वाजवायचे. साहेब स्कूटर बंद करायचे आणि शेजारच्या दुकानात मोजे बघायला लागायचे. गर्दी सुटायची, साहेब नवे मोजे घेऊन निघायचे. त्यांच्या कपाटात मोज्यांचा एवढा साठा होता की काकू म्हणायच्या, यांच्या मोज्यांवरून बडोद्याचा ट्रॅफिक किती वाढला ते कळतं.

मी त्यांच्या नजरेत कसा आलो ते सांगतो. सांगण्यासारखं काही नाही, पण मला सांगायला आवडतं.

नोकरीचा दुसरा आठवडा. पगाराचा दिवस. माझा फोन बंद पडत आलेला आणि थंड खोलीत एक छान, हाताशी येणारा स्विचबोर्ड. त्यात कसलासा प्लग होता. तो मी काढला आणि माझा चार्जर लावला. तो 'कसलासा प्लग' पगाराच्या मशीनचा होता. बाहेरून "सिस्टम गई" असा सूर निघाला, अकाउंट्सपासून सुरू होऊन कँटीनपर्यंत गेला. आता कुठलाही शहाणा माणूस प्लग गुपचूप परत लावून, बाहेर येऊन, सगळ्यांबरोबर "काय झालं हो?" असं विचारेल. मी कॉरिडॉरमधून पळत सुटलो. "माझ्याकडून बंद पडलं! माझ्याकडून!" ज्यांना मी कंपनीत लागल्याचं माहीत नव्हतं, त्यांनाही त्या दिवशी कळलं. साहेब आले, प्लग लावला, मशीन सुरू होईपर्यंत उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाव काय म्हणालास तुझं?" मला वाटलं, काढून टाकायच्या कागदावर लिहायला विचारताहेत.

अशात छोटे शेठ अहमदाबादला कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि आल्या आल्या म्हणाले, सगळं क्लाउडवर न्यायचं. साहेबांनी आम्हाला क्लाउडचा अर्थ त्यांच्या पद्धतीनं सांगितला. "दुसऱ्याच्या गावातली थंड खोली. भाड्यानं. आपला माल तिकडे न्यायचा, आणि नेताना इथलं दुकान बंद दिसता कामा नये." बेंगलोरची एक कंपनी हे काम करायला तयार होती. काम करणार आणि पुढची देखभालही तीच बघणार. म्हणजे आमच्या विभागाचं काय, हे विचारायची गरज नव्हती. आम्ही सगळेच घरी.

साहेब वर गेले. नेहमी छोटे शेठ फोन करायचे आणि साहेब ढील द्यायचे. त्या दिवशी न बोलावता स्वतःहून गेले. खाली आले ते ठरवून आले. काम आपली माणसं करतील. पुढच्या वर्षीच्या उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, दोन दिवस कारखाना बंद असताना करतील. वासी उत्तरायणच्या संध्याकाळी, म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी, नवी सिस्टम चालू झालेली दिसली तर माणसं राहतील आणि तीच देखभाल करतील. नाही दिसली, तर दुसऱ्या सकाळी बेंगलोरवाले.

साहेबांचं स्वतःचं सगळ्यांना माहीत होतं. ते निवृत्त होऊन गेले होते. मुदतवाढ होती ती खोली आहे तोवर. क्लाउड जमलं काय किंवा फसलं काय, खोली रिकामी होणार आणि साहेबही. मी म्हटलं, "मग तुम्ही कशाला एवढे जिने चढलात?" ते मोजे नीट करत म्हणाले, "मी जातोच आहे. तुम्ही कशाला?"

टीम सुचवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी क्लाउडचा दोन दिवसांचा कोर्स केला होता आणि ते दिवसातून दोनदा बोलण्यात आणत होतो. मी प्रमाणपत्रांच्या उतरत्या क्रमानं नावं टाइप केली. सगळ्यात वर मेहुल. हा मेहुल खरोखर हुशार. त्याच्या भिंतीवर प्रमाणपत्रं एवढी की कॅलेंडरला जागा नव्हती. दुसऱ्या नंबरवर नम्रपणे मी. साहेबांनी कागद घेतला, उलटा केला, त्यावर चहाचा कप ठेवला आणि म्हणाले, "येत्या उत्तरायणला सगळे धाब्यावर या. घरच्यांना घेऊन."

धाबं म्हणजे गच्ची. बडोद्यातली मराठी माणसं घरात कितीही शुद्ध बोलोत, गच्चीवर गेली की धाब्यावरच जातात.

दांडिया बाजारातल्या साहेबांच्या इमारतीच्या धाब्यावर त्या दिवशी अर्धी कंपनी होती. खाली काकूंचं संक्रांतीचं हळदीकुंकू, वर उंधियू, जलेबी, चिक्की आणि तिळाचे लाडू. म्हणजे खाली महाराष्ट्र, वर गुजरात, आणि जिन्यात दोन्हींची ये-जा. प्रत्येक धाब्यावर स्पीकर, प्रत्येक धाब्यावर वेगळं गाणं, आणि सगळ्यांच्या वर "कायपो छे!" दुसऱ्याचा पतंग कापला की ही आरोळी ठोकायची असते. लोक एकटक वर बघत होते. आणि साहेब? साहेब वेताच्या खुर्चीत, स्वेटर घालून, आकाशाकडे पाठ करून बसलेले. तोंड आमच्याकडे. हातात तिळाचा लाडू.

मी विचारलं, "काका, तुम्ही नाही उडवत?"

"कधीच नाही. मग बघणार कोण?"

मला वाटलं, माझं कौशल्य बघणार. मी तयारीनं आलो होतो. बोटांना चिकटपट्टी, डोळ्यांवर गॉगल, सुभानपुऱ्याहून खास आणलेला गुलाबी मांजा. पहिला पतंग चढवला, जरा मिरवला आणि कापला गेला. दुसरा चढवला, मिरवायच्या आत कापला गेला. आता माझी एक खोड सांगतो. सगळं बडोदं दुसऱ्याचा कापला की ओरडतं. मी स्वतःचा गेला की ओरडतो. "माझा गेला!" लहानपणापासून असंच. घरात कप फुटला की तुकडे जमिनीला टेकायच्या आत मी ओरडलेलो असायचो. त्या दिवशी मी इतक्यांदा ओरडलो की पलीकडच्या धाब्यावरचे अनोळखी लोक माझ्या प्रत्येक आरोळीला टाळ्या द्यायला लागले. साहेबांनी खुर्ची थोडी माझ्या बाजूला वळवून घेतली. मला वाटलं, ऊन लागत असेल.

पण जास्त वेळ ते दुसरीकडेच बघत होते. मेहुल पतंग उडवत होता आणि त्याची फिरकी धरून उभ्या होत्या हेतलबेन, अकाउंट्समधल्या. फिरकी धरणं म्हणजे मांजाचं ते मोठं रीळ दोन्ही हातांत धरून उडवणाऱ्याच्या मागे उभं राहणं. हवं तेव्हा सोडायचं, नको तेव्हा गुंडाळायचं. कौतुक कुणी करत नाही. सगळ्यांच्या माना वर असतात. हेतलबेनची मान वर नव्हती. त्या मेहुलच्या हाताकडे बघत होत्या. त्यानं मागायच्या आत दोरा सुटलेला असायचा, पतंग खाली यायला लागला की त्याला कळायच्या आत गुंडाळलेला. जमिनीवर एक वळसा पडू दिला नाही त्यांनी. मेहुलनं दणादण पतंग कापले, आणि शेवटी त्याचा कापला गेला तेव्हा मागे वळून खापर त्यांच्यावर फोडत म्हणाला, "बेन, फिरकी बराबर नहोती पकडी."

हेतलबेन गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "भाई, दोरी तो तमारा हाथमां हती."

साहेबांनी लाडू संपवला आणि हात झटकले. टीम ठरली होती.

पहिलं नाव हेतलबेन. त्या घाबरून म्हणाल्या की मला कॉम्प्युटरमधलं फक्त अकाउंट्सचं येतं. साहेब म्हणाले, जुनं आणि नवं सारखं आहे की नाही हे तुम्ही बघणार, तुम्ही हो म्हणेपर्यंत कुणी पुढे जाणार नाही. दुसरं नाव मेहुल. पण अट अशी की आत्ता, सूर्य मावळेपर्यंत, हेतलबेन पतंग उडवणार आणि मेहुल फिरकी धरणार. मेहुलचा चेहरा माझ्या मांजासारखा झाला. त्यानं पहिल्यांदा एवढी गुंतागुंत केली की काकूंना कात्री घेऊन वर यावं लागलं. पण पठ्ठ्या उभा राहिला, आणि उजेड कमी होईतो त्याची नजर आकाशातून उतरून हेतलबेनच्या हातावर आली होती.

साहेबांची पद्धत अचूक होती असं कुणी समजू नये. डिस्पॅचमधल्या एकानं त्या दिवशी फिरकी अशी धरली की देवानं धरावी. त्यालाही टीममध्ये घेतला. तो पुढे प्रत्येक मीटिंगमध्ये झोपला आणि शेवटी सन्मानानं डिस्पॅचला परत गेला.

तिसरं नाव माझं. मी ऐटीत विचारलं, "काका, माझं काय बघून घेतलंत?"

"तुझा पतंग टिकत नाही."

"मग?"

"पण गेला की साऱ्या दांडिया बाजाराला कळतं."

मी तो अपमान वर्षभर सांभाळून ठेवला.

ते वर्ष मजेत गेलं. टीमची मीटिंग साहेब थंड खोलीत घ्यायचे, उभ्यानं. स्वेटर एकट्या त्यांच्याकडे. त्यामुळे कुणी लांबलचक बोलायचं नाही; दात वाजायला लागायच्या आत निर्णय व्हायचा. मेहुलला जे येत होतं ते आमच्यापैकी कुणालाच येत नव्हतं, आणि हे तो हळूहळू कमी वेळा सांगायला लागला. हेतलबेनचा प्रश्न वर्षभर एकच. "जूनुं ने नवुं सरखुं छे?" मी मधूनमधून चुका करायचो आणि ओरडायचो. आणि सगळ्यांना एक गोष्ट मनातून ठाऊक होती. जितकं आमचं काम चांगलं होत होतं, तितके साहेबांचे दिवस कमी होत होते. कुणी बोलायचं नाही. काकू मात्र मला एकदा म्हणाल्या, "तुम्ही लोक जरा हळू शिका ना."

उत्तरायण आली. कारखाना बंद, मकरपुऱ्याचे रस्ते रिकामे, आकाश भरलेलं. आम्ही सकाळीच थंड खोलीत जमलो. क्रम साधा होता. आधी जुन्या सिस्टमची सगळी दारं बंद करायची, म्हणजे मध्येच कुणी नवी नोंद करणार नाही. मग माल, म्हणजे सगळी माहिती, वर पाठवायची. हेतलबेन दारं बंद होतानाचे जुने आकडे नव्याशी जुळवणार. जुळले की नवं दार उघडायचं.

दारं बंद करायचं काम माझं.

मकरपुरा बंद केलं. हालोल बंद केलं. अहमदाबाद, सुरत बंद केलं. राहिला पुण्याचा डेपो. त्याचं दार वेगळं होतं. ते बंद करण्याआधी तिथल्या देशपांड्यांना फोन करून त्यांचा होकार घ्यावा लागे. मी फोन हातात घेतला आणि मनात म्हटलं, उत्तरायण आहे, आज कोण असणार तिथे? सणाच्या दिवशी माणसाला कशाला त्रास. फोन ठेवला आणि पुण्याचं दार तसंच सोडून 'झालं' म्हटलं.

वाचकहो, मी मराठी माणूस आहे. माझी सख्खी मावशी पुण्यात राहते. महाराष्ट्रात संक्रांतीला लोक गुळपोळी खातात, तिळगूळ देतात आणि ऑफिसला जातात, हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. पण ज्याचा जन्म बडोद्यात गेला त्याला त्या दिवशी जगात कुठे माणसं कामावर असतील, ही कल्पनाच करता येत नाही. माझ्या डोळ्यांसमोर देशपांडे पुण्यातल्या धाब्यावर गॉगल लावून उभे होते.

काम सुरळीत चाललं होतं. माहिती वर जात होती, मेहुल स्क्रीनवर डोळे लावून बसला होता, हेतलबेननं चिक्कीचा डबा उघडला होता. दुपारी माझा फोन वाजला. देशपांडे.

"तिळगूळ घ्या हो," ते म्हणाले. "सगळ्यांना फोन करतोय, म्हटलं बडोद्यालाही करू."

मी म्हटलं, "तुम्हालाही. आणि किती पतंग कापलेत आज?"

"कसले पतंग? डेपोत आहे. सकाळपासून बिलं काढतोय. एक सांगू? तुमची सिस्टम आज काय पळतेय! बाकी कुणी नाहीये वाटतं."

ती खोली आधीच थंड होती. मी आणखी थंड पडलो. देशपांडे सकाळपासून जुन्या सिस्टममध्ये बिलं भरत होते, आणि इकडे आम्ही जुनी सिस्टम बंद आहे असं धरून माहिती वर पाठवत होतो. म्हणजे पुण्याचा माल ट्रकमध्ये, आणि नव्या सिस्टमच्या हिशेबी गोदामातच.

इथे मला लिहायला आवडलं असतं की माझ्या मनात चांगल्या-वाईटाचं द्वंद्व झालं. तसं काही झालं नाही. विचार यायच्या आत तोंड उघडलं होतं.

"माझा गेला!"

मेहुलला वाटलं मी ऑफिसात पतंग आणलाय. तो इकडेतिकडे बघायला लागला. मी एका दमात सगळं सांगितलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला वेळ नव्हता. उद्या संध्याकाळी छोटे शेठ बघणार होते. मेहुलनं की-बोर्ड पुढे ओढला. "हुं हाथथी नाखी दऊं छुं," म्हणजे देशपांड्यांची बिलं हातानंच घुसवतो, आत्ताच्या आत्ता. बोटं टेकणार तोच साहेब म्हणाले, "मेहुल. हात वर."

त्यानं हात वर केले, पोलिसानं सांगितल्यासारखे.

"ढील दे," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "फोन चालू आहे ना अजून? दे."

फोन चालूच होता. देशपांडे हे सगळं ऐकत होते. साहेबांनी फोन कानाला लावला. "देशपांडे, तिळगूळ पोचला. आता एक करा. काढलेलं बिल शेवटचं समजा आणि घरी जाऊन गुळपोळी खा." पलीकडून काहीतरी बोलणं. "ट्रक उभा आहे? मग ट्रकवाल्यालाही घेऊन जा. त्याचं बिल उद्या नव्या सिस्टममध्ये पहिलं निघेल. शब्द देतो."

पुण्याचं दार मी बंद केलं. पासवर्ड दोनदा चुकला. तेही ओरडून सांगितलं.

बाकीची माहिती जात होती ती साहेबांनी तशीच जाऊ दिली, कुणाला हात लावू दिला नाही. वासी उत्तरायणच्या सकाळी मेहुलनं फक्त पुण्याचा भाग वेगळा काढून पुन्हा वर पाठवला. ते कसं केलं हे मला आजही समजलेलं नाही. भिंतीवरच्या त्या सगळ्या प्रमाणपत्रांबद्दल मी तेव्हा मनातल्या मनात क्षमा मागितली. हेतलबेन जुळवायला बसल्या. पहिल्यांदा जुळलं नाही. मेहुल त्यांच्या मागे उभा होता, आणि तो स्क्रीनकडे बघत नव्हता. त्यांच्या हाताकडे बघत होता. त्यांनी मागायच्या आत पुढचं पान उघडून देत होता. दुसऱ्यांदाही जराशी तफावत राहिली. छोट्या शेठचा फोन वाजला, साहेबांनी तो वाजू दिला. मग दुपार कलली तेव्हा हेतलबेननं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "सरखुं छे."

नवं दार उघडलं. पहिलं बिल देशपांड्यांच्या ट्रकचं निघालं. साहेबांनी मग वर फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "बेंगलोरला कळवून टाका, येऊ नका."

मी विचारलं, "साहेब, मी ओरडलो नसतो तर?"

"तर आज सगळं छानच दिसलं असतं. महिन्याभरानं पुण्याचा माल सापडला नसता, आणि मग बेंगलोरवाले आलेच असते." मग म्हणाले, "चुकणारे सगळेच होते रे धाब्यावर. ओरडणारा तू एकटाच सापडलास."

आता त्या खोलीत पाण्याचे जार असतात आणि एक झेरॉक्सचं मशीन. एसी कधीच काढला, तरी तिला थंड खोलीच म्हणतात. नव्या मुलांना वाटतं पाण्याच्या जारमुळे. हेतलबेन अजून आहेत. मेहुल आहे. मी तर साहेबांच्याच खुर्चीत आहे, आणि त्यांचा स्वेटर त्या खुर्चीच्या पाठीवर आहे. साहेब आता सुभानपुऱ्याला लेकीकडे राहतात, माझ्याच गल्लीच्या मागे. मागच्या मे महिन्यात गेलो तेव्हा अर्ध्या बाह्यांच्या शर्टात पेपर वाचत होते. मी म्हटलं, "काका, स्वेटर आणून देऊ का?"

"कशाला? आता मध्ये रस्ताच नाही," ते म्हणाले. "तुझ्याकडे राहू दे. खोली तुझ्याकडे आली ना?"

"खोलीत पाण्याचे जार आहेत."

"मग त्यांना घाल."

तो स्वेटर माझ्याकडे कसा आला ते सांगायचं राहिलं.

त्या वासी उत्तरायणच्या संध्याकाळी, सगळं झाल्यावर, साहेबांनी थंड खोलीतली मशीनं एकेक करून बंद केली. आम्हाला करू दिली नाहीत. पंख्यांची ती सततची घरघर एकेक सूर कमी होत गेली, मग एसी थांबला, आणि पहिल्यांदाच त्या खोलीत बाहेरचं ऐकू आलं. दूरच्या धाब्यांवरून "कायपो छे" येत होतं. साहेब म्हणाले, "चला वर. उजेड आहे अजून."

ऑफिसच्या गच्चीवर वॉचमननं तुटून आलेले पतंग जमवून ठेवले होते, आणि त्याची स्वतःची एक फिरकी होती. साहेबांनी त्यातला एक पतंग उचलला, वाकवून बघितला. मग स्वेटर काढला. मे महिन्यात न काढलेला स्वेटर त्यांनी जानेवारीच्या गार वाऱ्यात काढला आणि माझ्या खांद्यावर टाकला. "धर," म्हणाले, आणि फिरकीही माझ्याच हातात दिली.

आकाशाकडे पाठ करून आयुष्य काढलेला माणूस त्या दिवशी तोंड वर करून उभा राहिला. हात अगदी नवखा. पतंग दोनदा पॅरापेटला आपटला, तिसऱ्यांदा चढला. मी वर पाहिलंच नाही. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो. पतंग छपरांवरून, चिमणीवरून वर गेला, आणि तरसालीच्या बाजूनं एक लाल पतंग आला आणि अडकला. साहेबांचा हात घट्ट झाला. खेचणार असं वाटलं. मग सैल झाला. ते म्हणायच्या आत मी दोरा सोडला. भरपूर सोडला. फिरकी हातात गरगरली.

तरी कापला गेला. मला हातात कळलं. दोरा एकदम हलका झाला.

साहेब क्षणभर तो सैल दोरा धरून उभे राहिले. मग त्यांनी मकरपुरा हादरेल अशी आरोळी दिली.

"माझा गेला!"

हेतलबेनच्या हातातली चिक्की पडली. मेहुलनं टाळ्या वाजवल्या. कुठल्यातरी लांबच्या धाब्यावरून कुणीतरी उलट ओरडलं. साहेब हसत होते, इतके की त्यांना कठड्याला धरावं लागलं, आणि त्यांचा पतंग वडसरच्या दिशेनं लहान लहान होत चालला होता.

दोरा बराच उरला होता. मी तो गुंडाळायला लागलो, सावकाश, जमिनीवर एकही वळसा पडू न देता.